रिझ्युमेत न आलेला वजनकाटा

हेल्पडेस्कची जाहिरात गेली की दुसऱ्या दिवसापासून सपोर्टच्या खोलीत काय चालतं, ते अर्ज करणाऱ्याला कधीच दिसत नाही. जागा दोन असतात आणि मेलबॉक्स भरून वाहत असतो. अर्ज वाचायला बसलेला माणूस बऱ्याचदा एचआरचा नसतोच. टीम लीड असतो. त्याच्यासमोर तिकिटांची रांग वाढत असते, मधेच कुणाचं लॉगिन होत नाही म्हणून फोन येतो, आणि अशा दोन फोनांच्या मधल्या वेळात तो एकेक कागद उघडतो. अर्धं मिनिट मिळालं तरी पुष्कळ. मी त्या खुर्चीत बरीच वर्षं काढली. आता कोल्हापूरजवळ कळंब्यात राहतो. शासकीय आयटीआय कळंबा रोडवरच असल्यामुळं कोपाची, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ट्रेडची, आणि इलेक्ट्रॉनिक्सची पोरं-पोरी संध्याकाळी एसटी धरायच्या आधी कागद दाखवायला येतात.

पहिली गोष्ट सगळ्यांच्या कागदावर सारखीच असते: वरची ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’. नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद, स्वतःचा विकास, संस्थेचा विकास. खुर्चीत असताना आम्हाला त्यातल्या स्पेलिंगच्या चुका पाठ झाल्या होत्या. तीच चूक चार अर्जांत आली, की चौघं एकाच नेट कॅफेत बसले होते हे कळायचं. एका अर्जात नाव एकाचं आणि खालच्या ‘डिक्लरेशन’मध्ये गाव दुसऱ्याचं, असंही आलेलं आहे. कॅफेवाल्यानं आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडून वरवर नाव बदललं होतं. त्यात पोराचा दोष मी धरत नाही. घरात आधी कुणी असा कागद लिहिलेला नाही, शाळा-कॉलेजात कुणी शिकवलेला नाही, आणि लग्नाच्या बायोडाटाचा साचा तेवढा सगळ्यांच्या ओळखीचा. म्हणून वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, रक्तगट हे सगळं येतं, आणि माणसाला काय येतं ते राहून जातं. यातलं काहीही सपोर्टच्या कामाला लागत नाही. निर्धास्त काढून टाकावं.

एमएस-सीआयटीचंही तसंच. २००१ साली एमकेसीएलनं हा कोर्स सुरू केला आणि खेडोपाडी संगणक पोचवला, ते मोठंच काम झालं. पण म्हणूनच ती ओळ आज प्रत्येकाकडं आहे. शिक्षणाच्या रकान्यात एक ओळ ठेवावी आणि पुढं जावं.

खरी गंमत पुढं आहे. राधानगरी तालुक्यातला एक पोरगा आला होता. कोपा झालेला. बारावी आणि आयटीआय यांच्या मधलं एक वर्ष कागदावर कोरं होतं. असं कोरं वर्ष वाचणाऱ्याच्या डोळ्यात लगेच भरतं, म्हणून मी विचारलं, “या वर्षात काय केलंस?”

“काय नाही सर. गावातल्या डेअरीत बसत होतो.”

“बसून काय करत होतास?”

“कॉम्प्युटरवर दूध घ्यायचं, दुसरं काय.”

ज्यांनी सकाळी सहाला गावातल्या दूध संस्थेची रांग पाहिली आहे, त्यांना या वाक्याचं वजन कळेल. किटली काट्यावर ओतली जाते, नमुना फॅट मशीनला लागतो, वजन आणि फॅट दोन्ही वायरीतून कॉम्प्युटरवर येतात, दरपत्रकाप्रमाणं रक्कम निघते आणि उत्पादकाच्या हातात स्लिप पडते. दहा दिवसांनी याच नोंदींवर घराघरांत बिल जातं. एखाद्या बाईचं शंभर मिलीलिटर चुकलं तरी ती काउंटरवर उभी राहून जाब विचारते, आणि तिचं बरोबरच असतं.

“कधी बंद पडलं होतं का?” मी विचारलं.

मग तो खुलला. एका पहाटे लाइट जाऊन आली. कुणीतरी टेबल पुसताना काट्याची वायर काढून दुसऱ्या खाचेत घातली होती. काट्यावर वजन दिसतंय, कॉम्प्युटरवर शून्य. बाहेर रांग, आणि दूध संघाचा टँकर यायची वेळ झालेली. “आधी वही काढली सर. वजन काट्यावर दिसतच होतं, फॅट मशीनवर दिसत होती. लिहून घेत गेलो. माणसं थांबवून चालतंय व्हय? रांग सरल्यावर डिव्हाइस मॅनेजर उघडला. कॉम तीनचा कॉम सहा झालता. परत तीन केला. वहीतलं सगळं आत भरलं. मग त्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि वर लिहिलं, ‘काटा’.”

काट्याच्या वायरीला जुना सिरियल प्लग असतो, नव्या कॉम्प्युटरला तसा पोर्ट नसतो, म्हणून मधे यूएसबीचं कन्व्हर्टर लावतात. ते दुसऱ्या खाचेत गेलं की बऱ्याचदा विंडोज त्याला नवा नंबर देतं आणि सॉफ्टवेअर जुन्याच नंबरवर वाट बघत राहतं. हा बिघाड मी मोठ्या कारखान्यांच्या वजनकाट्यांवरही पाहिला आहे आणि त्यासाठी शहरातून इंजिनिअर बोलावलेले पाहिले आहेत. पण मला जास्त मोलाचा वाटला तो या पोराच्या कामाचा क्रम. आधी काम चालू ठेवलं, मग कारण शोधलं, मग ते पुन्हा होऊ नये याची तजवीज केली. हा क्रम अंगी बाणावा म्हणून सपोर्ट डेस्कवर नव्या माणसाला महिनोन्‌महिने घासावं लागतं. या पोराकडं तो होता आणि कागदावर त्याचं एक अक्षर नव्हतं, कारण डेअरी ही त्याच्या लेखी ‘कंपनी’ नव्हती.

आम्ही दोघांनी बसून ते वर्ष लिहिलं. कंपन्या इंग्रजीत वाचतात म्हणून इंग्रजीत. मथितार्थ असा: गावच्या दूध संकलन केंद्रात एक वर्ष संगणक सांभाळला. वजनकाटा व फॅट मशीनची जोडणी, कॉम पोर्टचे बिघाड, स्लिप प्रिंटर, रोजचा बॅकअप. यंत्रणा बंद असताना संकलन वहीवर चालू ठेवून नोंदी नंतर भरल्या. मित्रानं त्याला ‘सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर’ लिहायला सांगितलं होतं. ते मी लिहू दिलं नाही. डेअरीतलं काम डेअरीतलं म्हणूनच भारी होतं, आणि मोठ्या पदनामावर येणारा पहिलाच प्रश्न त्याला आडवा करून गेला असता.

प्रश्न कसे निघतात तेही सांगतो. मुलाखत घेणारा बहुतेक वेळा रिझ्युमेतलाच एखादा शब्द उचलतो. कुणी ‘नेटवर्किंग’ लिहिलं असेल, तर मी विचारायचो: कॉम्प्युटरचा आयपी १६९.२५४ नं सुरू होतोय, तुला काय समजलं? ज्यानं खरंच केबल हातात धरली आहे तो सांगतो, डीएचसीपीकडून पत्ता मिळालेला नाही, आधी केबल आणि स्विच बघतो. ज्यानं कोर्सच्या अनुक्रमणिकेतून शब्द उतरवला आहे तो गप्प होतो, आणि मग त्याचे बाकीचे शब्दही कुणी खरे धरत नाही. एक पोकळ शब्द चार खऱ्या शब्दांना मारतो. म्हणून मी पोरांना सांगतो, ज्या शब्दावर तुम्ही पाच मिनिटं बोलू शकता तोच ठेवा. प्रिंटरचा स्पूलर अडकणं, आउटलुक न उघडणं, पासवर्ड रीसेट, एनीडेस्कवरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर हाताळणं, ही साधी कामंच पहिल्या पातळीच्या डेस्कवर दिवसभर येतात. ती साध्या शब्दांत लिहिलेली चालतात, किंबहुना तीच शोधली जातात.

शोधली जातात हे शब्दशः खरं आहे. मोठ्या कंपन्यांत कागद माणसाच्या आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन रकान्यांचं रंगीत डिझाइन, चौकटीतला मजकूर, फोटोसारखा चिकटवलेला फोन नंबर यात ते गोंधळतं. आम्हाला कधी कधी नाव असलेला आणि नंबर नसलेला उमेदवार दिसायचा. कागद आवडलेला असायचा, पण फोन लावायचा कुठं? सरळ वरून खाली लिहिलेलं एक पान, खरं टाइप केलेलं, हे सगळ्यात सुरक्षित. आणि नंबर चालू सिमचा हवा. रिचार्ज संपल्यानं बंद पडलेल्या नंबरांपायी गेलेल्या नोकऱ्या मला आठवतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

डेअरीच्या त्या वर्षासारखंच २०१९ च्या ऑगस्टमधलं एक कामही कागदाबाहेर राहिलं होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीतल्या एका पतसंस्थेत काम करणाऱ्या तरुणानं पाणी शिरायच्या आदल्या रात्री सर्व्हर आणि बॅकअपच्या डिस्क वरच्या मजल्यावर नेल्या होत्या. त्याच्या रिझ्युमेवर लिहिलेलं होतं: ‘हार्डवर्किंग’. तो शब्द खोडून आम्ही ती रात्र लिहिली, तारखेसकट. कोल्हापूरकराला वर्ष सांगितलं की पुरतं. पुण्याच्या वाचणाऱ्यासाठी ‘पूर’ हा शब्द जोडला.

गडहिंग्लजकडच्या एका मुलीचं वेगळंच. घरी कन्नड, शाळा मराठी, हिंदी चांगली, इंग्रजी कामापुरती. भाषांच्या ओळीत तिनं कन्नड लिहिलंच नव्हतं. “ते घरात बोलतो आम्ही,” एवढंच म्हणाली. तिचा अर्ज ज्या डेस्ककडं जायचा होता, त्यांचे ग्राहक बेळगाव, हुबळीपर्यंत पसरलेले. तिथं कन्नड बोलणारा माणूस रजेवर गेला की सगळ्यांची तारांबळ उडते, हे मला ठाऊक होतं. कन्नड पहिल्या अर्ध्या पानात आणलं. इंग्रजीपुढं ‘फ्लुएंट’ होतं. ते काढून ‘वाचता-लिहिता येतं, बोलण्याचा सराव सुरू आहे’ असं प्रामाणिकपणे ठेवलं.

तिच्याकडं आणखी एक वस्तू होती. वर्गातल्या सगळ्यांचे सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे फॉर्म तीच भरून द्यायची, आणि अडलेलं प्रत्येक प्रकरण एका दोनशे पानी वहीत लिहायची. डावीकडं स्क्रीनवर आलेला संदेश, उजवीकडं उपाय: आधारला मोबाइल जोडलेला नाही म्हणून ओटीपी येत नाही, फोटोचा आकार मोठा, बँकेचं खातं आधारशी लिंक नाही. आम्ही रिझ्युमेत तिच्या या वहीची एक ओळ घातली आणि मी तिला वही मुलाखतीला घेऊन जायला सांगितलं. मुलाखत झाली त्या रात्री तिचा फोन आला. “सर, त्यांनी सर्टिफिकेटं बघितलीच नाहीत. वहीच वाचत बसले, आणि एका मॅडमनी दोन पानांचे फोटो काढून घेतले.”