बुलेटिनमधले गाव

गावाचा इतिहास लिहायचा म्हटले की आपण गॅझेटियर उघडतो, देवस्थानची कागदपत्रे पाहतो, नगरपालिकेच्या दप्तरावरची धूळ झटकतो. रोटरी किंवा लायन्स क्लबाच्या चार पानी बुलेटिनकडे मात्र कोणी वळत नाही. अध्यक्षांचे मनोगत, सभासदांचे वाढदिवस, पुढच्या सभेचे निमंत्रण आणि शेवटच्या पानावर सराफाची जाहिरात. यात इतिहास कसला? अशी बुलेटिने मी आवडीने वाचत आलो आहे, आणि माझे मत वेगळे आहे.

या कागदाचे मूळ शिकागोत सापडते. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस हा वकील आणि त्याचे तीन स्नेही एकत्र जमले. पुढे सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरू लागल्या, म्हणून नाव पडले रोटरी. इतर शहरांत क्लब निघाले तेव्हा सगळ्यांना पत्रे लिहिणे अशक्य झाले. जानेवारी १९११ मध्ये ‘द नॅशनल रोटेरियन’ छापून निघाला. संपादक होते संस्थेचे चिटणीस चेस्ली पेरी. पुढच्याच वर्षी त्याचा ‘द रोटेरियन’ झाला. मध्यवर्ती मासिक सर्वांचे. पण आपल्या सभासदाला मुलगी झाली ही बातमी त्यात कशी यावी? म्हणून क्लबांनी आपापली पत्रके काढली. मुंबईचा रोटरी क्लब १९२९ सालचा. त्याच्या बुलेटिनचे नाव ‘गेटवे’. लायन्सची स्थापना १९१७ची, भारतात ते १९५६ साली आले, आणि तालुक्याच्या गावांतही बुलेटिनची प्रथा रुळली.

हे बुलेटिन निघायचे कसे, हे आजच्या पिढीला सांगायला हवे. टंकलेखन यंत्राची फीत बाजूला सारून मेणकागदाच्या स्टेन्सिलवर अक्षरे उमटवायची. चूक झाली तर त्यावर औषधाचा थेंब लावून, तो वाळेपर्यंत फुंकर मारत बसायचे. मग स्टेन्सिल सायक्लोस्टाइलच्या रुळावर चढवून हँडल फिरवायचे. संपादकाची बोटे काळी झाल्याशिवाय अंक निघत नसे. हा संपादक म्हणजे दिवसभर दुकान किंवा दवाखाना सांभाळणारा माणूस. मानधन नाही, आणि वाढदिवसाच्या यादीत कोणाचे नाव राहिले तर बोलणी मात्र हमखास!

आता मजकुराकडे वळू. उपस्थितीची टक्केवारी ठळक छापलेली असे, कारण रोटरीत हजेरीला मोठे महत्त्व. सभा चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात बसून ती भरून काढण्याची सोय होती. म्हणून त्या नोंदींवरून कोणता व्यापारी कोणत्या गावी जात-येत होता हे आयतेच कळते. व्याख्यानांचे विषय पाहिले की गावाला कोणती काळजी होती तेही समजते: कधी पाणीटंचाई, कधी विक्रीकर, कधी टेस्ट ट्यूब बेबी.

जे छापलेले नाही तेही बोलके आहे. वर्षानुवर्षे बायकांचा उल्लेख ‘अ‍ॅन’ म्हणून. नेत्रशिबिरात जेवण रांधणाऱ्या त्या, रुग्णांना धीर देणाऱ्या त्या. फोटोत मात्र मागच्या रांगेत. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे क्लबाने १९७७ साली तीन स्त्रियांना सभासद करून घेतले, म्हणून रोटरीने त्याची मान्यता काढली. खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८७ साली निकाल क्लबाच्या बाजूने लागला. १९८९ साली रोटरीने जगभर दार उघडले. हा बदल आपल्याकडे किती सावकाश झिरपला, हे कायद्याच्या पुस्तकात नव्हे, बुलेटिनच्या सभासद-यादीतच दिसते.

आणि पोलिओ. रोटरीने १९८५ साली पोलिओप्लस मोहीम हाती घेतली. भारतातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११चा, हावडा जिल्ह्यातला. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. या तारखा सर्वत्र मिळतात. पण पल्स पोलिओच्या रविवारी एस.टी. स्टँडवरच्या बूथवर कोण उभे होते, कोणत्या वाडीवर जीप कोणी दिली, हे कुठे मिळणार? सरकारी अहवालात आकडा असतो. बुलेटिनमध्ये माणूस असतो.

म्हणूनच काळजी वाटते. रोटरीचे वर्ष १ जुलैला बदलते. नवे अध्यक्ष, नवे चिटणीस, आणि जुने गठ्ठे एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर. दोन-चार घरे फिरली की वाट रद्दीवाल्याकडे. ‘खासगी वितरणासाठी’ असे छापलेले असल्याने बहुतेक अंक ग्रंथालयाकडे फिरकतही नाहीत. आता तर बुलेटिन मोबाइलवर येते. रंगीत असते, खर्च नाही, शाईचे डाग नाहीत. पण मोबाइल बदलला की अंक गेला. सायक्लोस्टाइलचा फिकट कागद निदान माळ्यावर चाळीस वर्षे तग धरून होता.

उपाय महागडा नाही. प्रत्येक क्लबाने दरवर्षीचे अंक छापून, एकत्र बांधून गावच्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावेत. जुने असतील ते आधी द्यावेत. एका सभेच्या चहापाण्यात हा खर्च भागेल. शाळेला बाके, बसथांब्याला शेड देणाऱ्या मंडळींनी गावाला त्याची आठवणही द्यावी. त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावली तरी आमची हरकत नाही.