विश्लेषण : एप्रिलमध्ये दोघांनीच युरोपला जायचे, पण कुठे? देशाआधी तारीख का ठरवावी?

युरोपला जायचे एवढे ठरले की घरात यादी सुरू होते. एकाला स्वित्झर्लंड हवे असते, दुसऱ्याला पॅरिस. कोणी रील पाहून नेदरलँड्समधील ट्युलिपची बाग सुचवते आणि एखादा मित्र 'दहा दिवसांत सहा देश' अशी जाहिरात व्हॉट्सअॅपवर पाठवतो. सगळेच सुंदर असल्यामुळे निर्णय होत नाही.

पनवेल, खारघर, कामोठे परिसरातील नोकरदार जोडप्याच्या हाती सहसा आठ-नऊ दिवसांची रजा आणि काही लाखांची बचत असते. देश चुकला तर डोंगरावरची केबल कार देखभालीसाठी बंद, बेटावरची हॉटेले अर्धी उघडलेली किंवा सणामुळे खोल्यांचे दर दुप्पट असा अनुभव पदरी पडू शकतो. त्यामुळे 'कोणता देश?' या प्रश्नाआधी 'कोणता आठवडा?' हे ठरवणे शहाणपणाचे आहे.

एप्रिलच का?

युरोपातील वसंत म्हणजे मार्च ते मे. मे महिन्यात आपल्याकडे शाळांना सुट्टी लागते आणि विमानाची तिकिटे महागतात. शाळकरी मुले सोबत नसलेल्या जोडप्यांना तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही. दुसरीकडे बँक, लेखा आणि विक्री विभागात काम करणाऱ्यांना ३१ मार्चपूर्वी रजा मिळणे कठीण. मधला एप्रिल दोन्ही बाजूंनी सोयीचा पडतो.

२०२७ मधील कोणता आठवडा सोयीचा?

पुढील वर्षी गुढीपाडवा बुधवारी, ७ एप्रिलला आहे. १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती (बुधवार) आणि १५ एप्रिलला रामनवमी (गुरुवार). या दोन्ही सुट्ट्या कंपनीच्या यादीत असतील, तर शनिवार १० ते रविवार १८ एप्रिल असे नऊ दिवस केवळ तीन दिवसांच्या रजेत मिळतात. पाडवा घरी साजरा करून निघता येते.

युरोपचे कॅलेंडरही पाहावे लागते. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे. ईस्टरच्या आसपास युरोपातील शाळांना सुट्टी असते, रोमसारख्या शहरात गर्दी उसळते आणि दर चढतात. १० एप्रिलपर्यंत ही लाट बरीच ओसरलेली असते. २५ एप्रिलला इटलीत, २७ एप्रिलला नेदरलँड्समध्ये राष्ट्रीय सुट्टी असते आणि १ मे रोजी बहुतेक देशांत बरेच काही बंद असते. १० ते १८ एप्रिल हा आठवडा या सर्व तारखांच्या मधोमध येतो.

त्या आठवड्यात कुठे काय मिळेल?

नेदरलँड्स : लिसे येथील क्यूकेनहॉफ बाग मार्चच्या उत्तरार्धात उघडते आणि मेच्या मध्याच्या सुमारास बंद होते. ३२ हेक्टरवर सुमारे ७० लाख कंद लावले जातात. एप्रिलचा मध्य हा ट्युलिपचा भर. मात्र दिवसाचे तापमान १३ अंशांच्या आसपास, वारा आणि अधूनमधून पाऊस. जाड जॅकेट हवेच. हॉटेल महाग पडते : १ जानेवारी २०२६ पासून तेथे खोलीवरील व्हॅट ९ वरून २१ टक्के झाला आणि अॅमस्टरडॅमचा पर्यटक कर १२.५ टक्के वेगळा.

स्पेन : दक्षिणेतील सेव्हिल, कॉर्डोबा, ग्रॅनडा या भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. एप्रिलमध्ये मात्र दिवसा २३-२४ अंश, म्हणजे पनवेलच्या डिसेंबरपेक्षाही सुखद. माद्रिद ते सेव्हिल वेगवान रेल्वेने सुमारे अडीच तास. एक अडचण लक्षात घ्यावी. सेव्हिलची प्रसिद्ध जत्रा ईस्टरनंतर साधारण दोन आठवड्यांनी भरते, म्हणजे नेमकी याच आठवड्याच्या आसपास. जत्रा पाहायची असेल तर खोली लवकर घ्यावी, नसेल तर मुक्काम ग्रॅनडा किंवा कॉर्डोबात ठेवावा. ग्रॅनडातील अल्हाम्ब्रा राजवाड्याचे तिकीट नावानिशी आणि ठरलेल्या वेळेचे असते. ऐनवेळी ते मिळेलच असे नाही.

इटली : रोम आणि फ्लॉरेन्स या दोन शहरांतील रेल्वे प्रवास सुमारे दीड तासाचा. एप्रिलमध्ये रोमचे तापमान १९-२० अंश, पायी फिरायला उत्तम. व्हेनिसला सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचे असेल तर वसंत-उन्हाळ्यातील ठरावीक दिवशी प्रवेश शुल्क लागते. मुक्काम करणाऱ्यांना ते माफ असते, पण ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट : १४ ते १७ अंशांचे वातावरण आणि तिन्ही शहरे रेल्वेने जोडलेली. व्हिएन्ना ते बुडापेस्ट अडीच-पावणेतीन तास. प्राग आणि बुडापेस्टमध्ये जेवण-मुक्काम पश्चिम युरोपापेक्षा साधारणपणे स्वस्त. मात्र थेट विमान नसल्याने वाटेत एकदा विमान बदलावे लागते.

ग्रीस : अथेन्ससाठी एप्रिल उत्तम. सँटोरिनीसारख्या बेटांवरचा हंगाम मात्र ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या सुमारास रंगात येतो आणि तो २०२७ मध्ये २ मे रोजी आहे. एप्रिलच्या मध्यात फेरी बोटी कमी आणि समुद्राचे पाणी थंड असते.

स्वित्झर्लंड : येथे सर्वाधिक अपेक्षाभंग होऊ शकतो. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'पासून मनात बसलेली हिरवी कुरणे आणि मागे बर्फाची शिखरे हे दृश्य प्रामुख्याने मेअखेर ते जूनचे. एप्रिलमध्ये गोटहार्ड, फुर्का, ग्रिमसेल हे उंच घाट बर्फामुळे बंद असतात. अनेक केबल कार याच काळात देखभालीसाठी थांबवल्या जातात. ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोखला वर्षभर जाता येते. पण केवळ बर्फ पाहायचा असेल तरच एप्रिलमध्ये जावे.

किती देश करायचे?

नऊ दिवसांतील येण्या-जाण्याचे दोन दिवस वजा केले तर सात उरतात. प्रत्येक वेळी शहर बदलताना सामान बांधणे, स्थानक गाठणे, प्रवास आणि दुपारी मिळणारी खोली यात निम्मा दिवस जातो. चार शहरे म्हणजे तीन बदल, म्हणजेच दीड दिवस. सहा देशांच्या सहलीत बसमधून दिसणारा महामार्ग हाच मोठा अनुभव ठरतो. दोघांच्या सहलीसाठी एक देश आणि दोन किंवा तीन मुक्काम हे गणित बसते.

व्हिसा कोणत्या देशाचा काढायचा?

युरोपातील २९ देश शेंगेन क्षेत्रात आहेत आणि एकाच व्हिसावर तेथे फिरता येते. स्वित्झर्लंड त्यात आहे. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत. लंडन जोडायचे असेल तर व्हिसा वेगळा.

अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम आहे त्याच देशाकडे करावा लागतो. दिवस समान असतील तर प्रथम ज्या देशात प्रवेश होणार त्याच्याकडे. 'अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते' म्हणून तेथे अर्ज करायचा आणि प्रत्यक्षात दुसरीकडे राहायचे, हा सल्ला धोक्याचा आहे. मुक्कामाची माहिती खोटी आढळली तर व्हिसा नाकारला किंवा रद्द केला जाऊ शकतो.

२०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांहून अधिक अर्ज झाले. त्यातील सुमारे १ लाख ६५ हजार, म्हणजे साधारण १५ टक्के नाकारले गेले. शुल्क परत मिळत नाही. प्रौढांसाठी ते ९० युरो आहे. युरो १०० रुपयांच्या वर असल्याने दोघांचे १८ हजार रुपयांहून अधिक आणि केंद्राचे सेवाशुल्क वेगळे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. १० एप्रिलला प्रवेश असेल तर १० ऑक्टोबरपासून. निर्णयासाठी सर्वसाधारण मुदत १५ दिवसांची असली तरी ती ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. त्यामुळे जानेवारीपूर्वी अर्ज देणे सुरक्षित. बोटांचे ठसे देण्यासाठी दोघांनाही मुंबईतील व्हिसा केंद्रात जावे लागते. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असलेला पासपोर्ट, किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा, बँक खात्याचा उतारा, आयकर विवरणपत्र आणि रजेचे पत्र ही मुख्य कागदपत्रे. लग्नानंतर नाव बदलले असेल तर तिकीट, विमा आणि अर्ज यांवर पासपोर्टवरचेच नाव असावे. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारेच बुकिंग करावे.

पनवेलहून विमान कोणते?

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. सुरुवात देशांतर्गत सेवेने झाली. पॅरिस, फ्रँकफर्ट, म्युनिक, झ्युरिक, अॅमस्टरडॅम या शहरांना जोडणारी थेट सेवा मुंबईच्या जुन्या विमानतळावरून चालत आली आहे. तिकिटावर 'बीओएम' म्हणजे मुंबई आणि 'एनएमआय' म्हणजे नवी मुंबई. दिल्लीमार्गे जाताना निघायचे एका विमानतळावरून आणि उतरायचे दुसऱ्यावर, असे तर होत नाही ना, हे पैसे भरण्याआधी पाहावे. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असावेत. तसे असेल तर पहिले विमान उशिरा पोहोचल्यास पुढच्या प्रवासाची जबाबदारी विमान कंपनीवर राहते.

युरोपची बरीच थेट विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. १० एप्रिल, रात्री १ वाजताचे विमान पकडायचे तर घर ९ एप्रिलच्या संध्याकाळीच सोडावे लागते. शेंगेन क्षेत्रात १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी प्रवेश-निर्गमन प्रणाली लागू झाली आहे. पहिल्या प्रवेशावेळी छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात. म्हणून युरोपात विमान बदलायचे असेल तर मध्ये पुरेसा वेळ ठेवावा.

न दिसणारा खर्च कोणता?

परदेश सहलीच्या पॅकेजवरील टीसीएस १ एप्रिल २०२६ पासून सरसकट २ टक्के आहे. पाच लाखांच्या पॅकेजवर १० हजार. ही रक्कम आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते, पण आधी भरावी लागते. प्रवेश तिकिटांचाही हिशेब हवा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पर्यटकांसाठी दर ३२ युरो केला. दोघांचे ६४ युरो, तेही एका संग्रहालयाचे.

हापूस नेता येईल का?

एप्रिलमध्ये निघताना जर्मनीतल्या चुलतभावासाठी आंब्याची पेटी न्यावीशी वाटते. पण युरोपीय संघात प्रवाशाने आंबा नेण्यासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन या फळांनाच सूट आहे. दूध आणि मांसाचे पदार्थही चालत नाहीत. म्हणून पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवावे. चिवडा, मेतकूट, भाकरवडी नेता येते.

मग निवड कशी करावी?

कागदावर आधी रजेचे नऊ दिवस लिहावेत. त्या दिवसांत जेथे हंगाम नाही, ती नावे खोडावीत. एप्रिलच्या मध्यासाठी स्वित्झर्लंड आणि ग्रीक बेटे तेथेच गळतात. फुले हवी असतील आणि थंडी चालत असेल तर नेदरलँड्स, ऊब हवी असेल तर दक्षिण स्पेन, इतिहास आणि जेवण दोन्ही हवे असेल तर रोम-फ्लॉरेन्स, खर्च आवरायचा असेल तर प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट. उरलेल्यांपैकी एक दोघांनी मिळून निवडावा.

खोडलेले देश कायमचे जात नाहीत. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झाला आहे. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमानुसार वापरले, तर पुढे दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो आणि पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर त्यानंतर पाच वर्षांचा. पहिल्या सहलीत एकच देश नीट पाहणे आणि वेळेत परतणे हीच पुढच्या सहलीची तयारी असते. स्वित्झर्लंडची हिरवी कुरणे एखाद्या जूनमध्ये पाहता येतील.