टेप कुठे थांबते?

देवळाली प्रवरातल्या एखाद्या पतसंस्थेने खात्यांचा बॅकअप टेपवर घ्यायचं ठरवलं, तर ड्राइव्ह विकत घेणं हे सोपं काम. खरं लक्ष द्यायचं ते तो नीट बसवण्याकडे.

युनिक्स घराण्यातल्या संगणक प्रणालींत उपकरणालाही फाइलसारखं नाव असतं. लिनक्समध्ये एकाच टेप ड्राइव्हला दोन नावं मिळतात: ‘एसटी-शून्य’ आणि ‘एनएसटी-शून्य’. पहिल्या नावाने लिहिलं, की काम संपताच टेप आपोआप सुरुवातीपर्यंत गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने लिहिलं, तर ती थांबली तिथेच राहते. सोमवारचा बॅकअप पहिल्या नावाने घेतला आणि मंगळवारीही तेच केलं, तर मंगळवार सोमवारवर लिहिला जातो. सोमवार कायमचा गेला, आणि पडद्यावर चूक दाखवणारी एक ओळही उमटत नाही! रोजचे बॅकअप एकापुढे एक ठेवायचे असतील तर ‘एनएसटी’च वापरावं, आणि लिहिण्याआधी ‘एमटी’ आज्ञेने टेप शेवटच्या नोंदीपुढे न्यावी.

लिहिताना ठरवलेलं ब्लॉकचं (एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचं) माप टेपच्या लेबलवर टिपून ठेवावं. परत वाचताना ते लागतं.

एवढा खटाटोप कशासाठी? फेब्रुवारी 2011मध्ये सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे जीमेलच्या काही खातेदारांची पत्रं गायब झाली. वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या प्रतींनाही तोच दोष भोवला. गूगलने ती पत्रं परत आणली टेपवरून, कारण कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत तो दोष पोहोचूच शकत नव्हता.