गिटारच्या ध्वनिवर्धकातील दोन वाटा

ज्यांच्या घरी व्हाल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल की, खटका दाबताच आवाज येत नसे. आत काचेच्या नळ्या हळूहळू तांबूस तापायच्या आणि मग कुठे निवेदकाचा आवाज खोलीत उमटायचा. रेडिओतून हे व्हाल्व्ह गेले, पण इलेक्ट्रिक गिटारच्या ध्वनिवर्धकात ते अजूनही मोठ्या हौसेने वापरतात. अशा ध्वनिवर्धकावर पुष्कळदा दोन 'चॅनेल' असतात. रेडिओच्या स्टेशनांशी यांचा संबंध नाही. या वाद्याच्या संदेशाला आत जाण्याच्या दोन वाटा, एवढेच समजा.

अमेरिकेतील फेंडर कंपनीचा १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरचा 'बासमन' घ्या. याला चार तोंडे, प्रत्येक वाटेला दोन. एक वाट साधी, दुसरी जरा तीक्ष्ण. दोन्ही वाटांचे संदेश आपापल्या आवाजाच्या बटणातून निघून २७० किलोओहमच्या एकेका रेझिस्टन्समधून जातात आणि पुढच्या व्हाल्व्हच्या ग्रिडवर एकत्र येतात. हे रेझिस्टन्स नसते तर एका वाटेचे बटण शून्यावर नेताच दुसरीही मुकी झाली असती. अर्थात फुकट काहीच नाही. या मिसळण्यात संदेश जवळजवळ निम्मा होतो. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातील मंडळींनी १९६२ च्या सुमारास याच रचनेवरून आपला ध्वनिवर्धक बांधला. वादकांनी पुढे एक युक्ती काढली : आखूड तारेने एका वाटेचे मोकळे तोंड दुसऱ्या वाटेला जोडायचे आणि दोन्हींचे मिश्रण चवीप्रमाणे करायचे.

हीच युक्ती फेंडरच्या १९६३ नंतरच्या 'ट्विन रिव्हर्ब'वर करून पाहाल तर आवाज भरण्याऐवजी पोकळ होईल. कारण सोपे आहे. अशा जोडणीत व्हाल्व्हचा प्रत्येक टप्पा संदेश उलटा करतो आणि तिथे एका वाटेत एक टप्पा जास्त आहे. एक वाट ढकलते तेव्हा दुसरी ओढते!

पायाने खटका दाबून मृदू स्वरावरून एकदम कर्कश, भरदार स्वरावर जायचे, ही सोय मात्र वेगळी. कॅलिफोर्नियातील रँडॉल स्मिथ यांच्या मेसा बूगी 'मार्क टू'मध्ये ती १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आली. तुम्ही म्हणाल, मग पायाजवळच्या खटक्यापर्यंत दोन तारा नेल्या की झाले! नाही. ग्रिडजवळचा संदेश अगदी नाजूक असतो. लांब तारेत घरच्या विजेची गुणगुण शिरते आणि वरचे स्वर वाटेतच विरतात. म्हणून बदल करणारा रिले व्हाल्व्हच्या बैठकीशेजारीच बसवतात आणि पायाच्या खटक्याकडे फक्त रिलेला जागे करणारा पाच-बारा व्होल्टचा प्रवाह जातो.

पण पेटी उघडण्याआधी ऐका. प्लग काढला तरी आतल्या मोठ्या कंडेन्सरांत ४०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो आणि तो जीव घेऊ शकतो. काही वॅटचा दहा किलोओहमचा रेझिस्टन्स इन्सुलेशन असलेल्या चिमट्यांनी लावून तो निचरा करा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला. सवय नसेल तर जाणत्या कारागिराकडेच द्या. आणि हो, लाउडस्पीकर जोडल्याशिवाय ध्वनिवर्धक वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

रिलेला वीज बहुतेक जण व्हाल्व्ह तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या वेटोळ्यातूनच घेतात. चार डायोड आणि एक कंडेन्सर लावला की साधारण सात व्होल्ट मिळतात. इथे एक खोडा आहे. त्या वेटोळ्याचा मध्यबिंदू बहुधा आधीच चॅसीला जोडलेला असतो. डायोडांचे ऋण टोकही चॅसीला जोडाल तर अर्धे वेटोळे शॉर्ट होईल. तेव्हा ही सबंध जोडणी चॅसीपासून अलग ठेवायची, खटक्याच्या सॉकेटखालीही इन्सुलेशनचे वॉशर घालायचे. रिलेच्या वेटोळ्यावर एक उलटा डायोड हवाच, नाहीतर बंद होताना तो दाबाची उसळी मारतो.

राहिला तो 'टप्प' आवाज. वाट बदलताना तो आला तर समजा, रिलेचा एक संपर्क अधांतरी आहे आणि जोडकंडेन्सरच्या त्या टोकावर हळूहळू भार साठतो आहे. त्या टोकापासून चॅसीपर्यंत एक-दोन मेगओहमचा रेझिस्टन्स डाख लावून जोडा, भार निथळत राहील. त्यावरही 'टप्प' थांबत नसेल तर त्याच जागी मीटर लावा. स्थिर दाबाचे काही व्होल्ट दिसले तर कंडेन्सर गळतो आहे. रेझिस्टन्स बदलत बसू नका, कंडेन्सरच बदला.