चार षटके, शून्य धावा आणि त्याआधीच्या पायऱ्या

यवतमाळ : आंध्र प्रदेशातील मंगलगिरी येथे ८ नोव्हेंबर २०२१ रोजी सय्यद मुश्ताक अली करंडक टी-२० स्पर्धेत विदर्भ आणि मणिपूर यांच्यात सामना झाला. विदर्भाने २२२ धावा केल्या आणि मणिपूरचा डाव ५५ धावांत आटोपला. इतक्या एकतर्फी सामन्याची बातमी एरवी चार ओळींत संपली असती. पण त्या दिवशी विदर्भाच्या एका फिरकी गोलंदाजाच्या नावापुढे जे आकडे उमटले, ते पुरुषांच्या टी-२० क्रिकेटमध्ये तोवर कोणाच्याच नावापुढे उमटले नव्हते. चार षटके, चारही निर्धाव, शून्य धावा, दोन बळी. गोलंदाज होता यवतमाळ जिल्ह्याचा अक्षय कर्णेवार. दुसऱ्याच दिवशी सिक्कीमविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिकसह ५ धावांत ४ बळी घेतले.

जिल्ह्यातील अनेकांना हे नाव त्या दिवशी नव्याने कळले. वास्तविक तेव्हा तो २९ वर्षांचा होता. दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा गोलंदाज म्हणून सप्टेंबर २०१७ मध्ये चेन्नईत अध्यक्षीय संघातर्फे तो ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपुरात झालेल्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावात त्याने नाबाद ७३ धावा केल्या होत्या. विदर्भ ३१२, सौराष्ट्र ३०७ असा तो हिशेब होता. म्हणजे आघाडी अवघ्या पाच धावांची. खालच्या क्रमांकावरची ती खेळी नसती तर सामन्याचे चित्र निराळे दिसले असते. त्यानंतर काही दिवसांतच इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध त्याने १०२ धावा केल्या. भारतीय संघाची टोपी मात्र त्याच्या वाट्याला आली नाही.

तालुक्याच्या मैदानापासून अशा सामन्यापर्यंत पोहोचण्यासाठी खेळाडूला अनेक वर्षे ज्या स्पर्धांतून जावे लागते, त्या दूरचित्रवाणीवर सहसा दिसत नाहीत आणि वृत्तपत्रांतही त्यांना एखादा रकाना मिळतो. तरीही उद्याचा रणजी संघ घडतो तो तेथेच. तो हंगाम कसा पाहावा, हे एकदा समजून घेण्यासारखे आहे.

शेतात पिकवलेले खेळाडू

अमेरिकेतील बेसबॉलप्रेमींना हा छंद फार जुना आहे. तेथील प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली दुय्यम संघांची उतरंड असते. २०२१ पासून ३० मोठ्या संघांना प्रत्येकी चार, असे १२० दुय्यम संघ संलग्न आहेत. या व्यवस्थेला तिकडे ‘शेत’ असेच म्हणतात. सेंट लुईस कार्डिनल्स संघाचे ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकात ती रुजवली. बाजारात महागडा खेळाडू विकत घेण्यापेक्षा कोवळ्या वयात निवडावा, खालच्या संघात वाढवावा आणि तयार झाला की वर आणावा, असा तो विचार होता. त्यामुळे तेथील चाहते मुख्य संघाबरोबरच खालच्या संघांतील मुलांचे आकडेही महिनोन्‌महिने तपासत असतात. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले, तेही याच उतरंडीच्या तळाशी. दोघांपैकी एकही मुख्य संघापर्यंत पोहोचला नाही. बहुसंख्य मुलांचे तेथे तेच होते.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये ही उतरंड संघांची नसून वयाची आहे, आणि हा फरक मूलभूत आहे. अमेरिकेत पंचविशीतला खेळाडूही खालच्या संघात राहून आपल्या पाळीची वाट पाहू शकतो. येथे मुलाचा वाढदिवस येतो आणि त्याच्या पायाखालची पायरी काढून घेतली जाते.

विदर्भ क्रिकेट संघटनेच्या अखत्यारीत अकरा जिल्हे येतात. संघटनेचा संघ विभागीय पातळीवर मध्य विभागात मोडतो. चौदा वर्षांखालील मुलांसाठी राजसिंह डुंगरपूर करंडक विभागापुरता असतो. राष्ट्रीय पातळीवरची पहिली खरी परीक्षा म्हणजे सोळा वर्षांखालील विजय मर्चंट करंडक. सामने तीन दिवसांचे. त्यानंतर एकोणीस वर्षांखालील मुलांसाठी दोन स्पर्धा आहेत. विनू मंकड करंडक एकदिवसीय, तर कूचबिहार करंडक चार दिवसांच्या सामन्यांचा. त्यावर तेवीस वर्षांखालील कर्नल सी. के. नायडू करंडक आणि मग रणजी. या पायऱ्यांमध्ये दरवर्षी नवी निवड होते. गेल्या वर्षी संघात होता म्हणून यंदाही असेल, अशी हमी कोणालाही नसते.

सोळा वर्षांखालील गटात वय चोरण्याचा रोग जुना असल्याने मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय ठरवले जाते. कागदावर पंधरा वर्षांचा असलेला एखादा मुलगा या चाचणीत बाद ठरतो. त्यात लबाडी असतेच असे नाही, काही मुलांची हाडे लवकर पक्व होतात. पण पायरी गेली ती गेलीच.

धावफलकात काय शोधावे?

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या संकेतस्थळावर या स्पर्धांचे धावफलक उपलब्ध असतात. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत कुठल्या ना कुठल्या गटाचा सामना चालू असतो. मात्र केवळ शतके आणि पाच बळी मोजणाऱ्याची यात हमखास फसगत होते.

पहिली गोष्ट म्हणजे समोर कोण होते. कर्णेवारच्या शून्य धावांचे कौतुक करताना हेही सांगायला हवे की, विदर्भ त्या वर्षी या स्पर्धेच्या प्लेट गटात, म्हणजे खालच्या गटात खेळत होता. मणिपूर, सिक्कीम हे संघ राष्ट्रीय स्पर्धांत अलीकडे दाखल झालेले. विक्रम तो विक्रमच, पण त्याच्या दर्जाचा अंदाज नागपुरातील नाबाद ७३ धावा अधिक नेमका देतात. रणजीच्या एका हंगामात सर्वाधिक बळींचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनच्या नावावर होता. २०१८-१९ मध्ये त्याने ६८ बळी घेतले, तेही प्लेट गटात. विदर्भाचा डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे याने २०२४-२५ मध्ये ६९ बळी घेऊन तो मागे टाकला, आणि हे बळी वरच्या गटातील संघांचे होते. आकड्यांत फरक एकाचा. गुणवत्तेत तो बराच मोठा मानावा लागेल.

दुसरी गोष्ट पहिल्या डावाच्या आघाडीची. चार दिवसांचा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्या संघाला तीन गुण मिळतात, मागे पडलेल्याला एक. निर्णायक विजयाचे सहा. त्यामुळे आठव्या-नवव्या क्रमांकावर येऊन दोन तास उभा राहणारा मुलगा संघाला किती मोलाचा असतो, हे त्याच्या सरासरीवरून कळत नाही. धावफलकात तो कोणत्या क्षणी आला आणि तेव्हा आघाडी किती होती, हे पाहावे लागते. निवड समितीचे सदस्य पाहतात ते हेच.

तिसरी गोष्ट वयाची. अठराव्या वर्षी तेवीस वर्षांखालील गटात तीस-चाळीस धावा सातत्याने करणारा फलंदाज, त्याच गटात बाविसाव्या वर्षी शतक ठोकणाऱ्यापेक्षा पुष्कळदा पुढे जातो. पण याही नियमाला अपवाद आहेतच.

अकोल्याचा अथर्व तायडे घ्या. जानेवारी २०१८ मध्ये नागपुरात मध्य प्रदेशविरुद्ध कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात या डावखुऱ्या सलामीवीराने ३२० धावा केल्या आणि विदर्भाने तो करंडक जिंकला. तेव्हा त्याचे वय सतरा होते. वर्षभरात तो वरिष्ठ संघात आला, २०१९ च्या इराणी सामन्यात दुसऱ्या डावात ७२ धावा करून त्याने विजेतेपद राखण्यास हातभार लावला. आता सगळे सोपे आहे, असे तेव्हा कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात पुढची वर्षे चढउतारांत गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विदर्भाने पुन्हा इराणी करंडक जिंकला तेव्हा त्याने १४३ धावांची खेळी केली. त्रिशतकानंतर पावणेआठ वर्षांनी.

याच्या अगदी उलट टोकाला उमेश यादव. नागपूर जिल्ह्यातील कोळसा खाणींच्या परिसरात वाढलेला हा वेगवान गोलंदाज वयाच्या विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिस चेंडूवरच खेळत होता. वयोगटांची शिडी त्याने जवळपास पाहिलीच नाही. २००८ मध्ये रणजी पदार्पण, नोव्हेंबर २०११ मध्ये कसोटी पदार्पण, आणि विदर्भाचा पहिला कसोटीपटू हा मान! वेग ही अशी चीज आहे की, ती दिसली की शिडीचे नियम बाजूला ठेवले जातात. फिरकीपटूला आणि फलंदाजाला ही सवलत नाही.

जागा रिकामी व्हावी लागते

विदर्भाने रणजी करंडकात पहिला सामना १९५७-५८ च्या हंगामात खेळला आणि पहिले विजेतेपद मिळवले २०१७-१८ मध्ये. साठ वर्षांची ही प्रतीक्षा संपल्यानंतर मात्र २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी आणखी दोन विजेतेपदे आली. संघ बलवान झाला की, खाली वाट पाहणाऱ्या मुलांसाठी दार अरुंद होते. कमकुवत संघात एकोणिसाव्या वर्षी सहज जागा मिळाली असती असा खेळाडू येथे तेवीस वर्षांखालील गटात आणखी दोन हंगाम काढतो.

२०२४-२५ चा हंगाम या दृष्टीने बोलका आहे. आदित्य सरवटे हा विदर्भाचा भरवशाचा डावखुरा फिरकीपटू. २०१९ च्या अंतिम सामन्यात त्याने अकरा बळी घेतले होते. या हंगामाआधी तो केरळकडे गेला. डावखुऱ्या फिरकीची मुख्य जबाबदारी बावीस वर्षांच्या हर्ष दुबेवर आली आणि त्याने विक्रम केला. योगायोग असा की, अंतिम सामन्यात नागपूरच्या मैदानावर समोर उभा राहिला तो केरळच, आणि सरवटेने केरळतर्फे ७९ धावा करून विदर्भाचा जीव काही काळ टांगणीला लावला. विदर्भ ३७९, केरळ ३४२. सामना अनिर्णित राहिला, ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला. पहिल्या डावात १५३ धावा करणारा दानिश मालेवार एकवीस वर्षांचा होता आणि रणजीतला त्याचा हा पहिलाच हंगाम होता; त्यात त्याने ७८३ धावा केल्या. यश राठोडने ९६० धावा करून देशात सर्वाधिक धावांचा मान मिळवला. पुढच्या मोसमाच्या आरंभी दुलीप करंडकात मालेवारने २०३ आणि राठोडने अंतिम सामन्यात १९४ धावा केल्या, तेव्हा खालच्या गटांचे धावफलक नियमित पाहणाऱ्यांना आश्चर्य वाटले नसावे.

यवतमाळहून दीडशे किलोमीटर

यवतमाळ ते नागपूर हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. पुसद, उमरखेड येथून ते आणखी वाढते. क्लबांची गुझदर लीग नागपुरात, जामठ्याचे मैदान नागपुराजवळ. जिल्ह्यातील मुलाला आधी आंतरजिल्हा सामन्यांतून नजरेत भरावे लागते आणि नजरेत भरला की बहुधा घर सोडावे लागते. मुलाने कोणत्या वर्षी नागपूर गाठायचे, दहावीआधी की नंतर, हा प्रश्न कुटुंबासाठी क्रिकेटच्या तंत्राहून अवघड असतो.

तंत्राचाही प्रश्न आहेच. मॅटवर चेंडू सरळ उसळतो, फलंदाज मागच्या पायावर खेळायला शिकतो. मातीच्या खेळपट्टीवर चेंडू खाली राहतो, पकडतो, वळतो. तेथे तोच फलंदाज पायचीत होत राहतो आणि धावफलकात एवढेच दिसते की, त्याने ४, ११ आणि ० धावा केल्या. अशा मुलाला दुसरा हंगाम मिळतो की नाही, यावर बरेच ठरते.

पैशाचे गणित पूर्वीपेक्षा सुधारले आहे. मंडळाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या मानधनानुसार एकोणीस वर्षांखालील सामन्यात प्रत्यक्ष खेळणाऱ्याला दिवसाला २० हजार, तर तेवीस वर्षांखालील सामन्यात २५ हजार रुपये मिळतात. राखीव खेळाडूंना निम्मे. कूचबिहार करंडकाचे चार दिवसांचे पाच सामने खेळायला मिळाले तर ही रक्कम चार लाखांवर जाते. कापूस आणि सोयाबीनच्या भावावर वर्ष काढणाऱ्या घरात हा आकडा लहान नाही. परंतु तो अकरा जणांत आल्यावरचा आहे. त्याआधीची चार-पाच वर्षे खर्चाचीच असतात : बॅट, पॅड, प्रशिक्षकाचे शुल्क, नागपुरातील खोली, निवड चाचणीच्या फेऱ्या. त्या खर्चाचा धावफलक कोणी लिहीत नाही.

कर्णेवारने उजव्या हाताने ऑफस्पिन टाकता टाकता डाव्या हाताचीही फिरकी अवगत केली, ती याच शिडीवर चढताना. हात बदलताना गोलंदाजाला पंचांना आधी सांगावे लागते आणि पंच ते फलंदाजाला कळवतात. डावखुऱ्या फलंदाजाला ऑफस्पिन, उजव्याला डावखुरी फिरकी, म्हणजे चेंडू कायम बाहेर जाणारा. ज्या संघात फिरकीपटूंची रांग लागलेली आहे, तेथे एकाच जागेत दोन गोलंदाज देऊ करण्याचा हा व्यवहारी मार्ग होता.

विजय मर्चंट करंडकाचे सामने डिसेंबरच्या सुमारास असतात. कूचबिहारचे साखळी सामने नोव्हेंबरात सुरू होतात आणि बाद फेरी जानेवारीत जाते. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. संघाच्या बसमध्ये पाठ्यपुस्तके घेऊन बसलेली दोन-चार मुले प्रत्येक हंगामात असतातच.