साठानोंदीचे पान उलटताना

भंडाऱ्यातील आमच्या औषधालयात मार्चअखेरीची साठामोजणी चालू होती. संगणकाच्या पडद्यावर एका वेळी २० नोंदी दिसत. पहिले पान चूर्णांचे, दुसरे आसवारिष्टांचे. त्रिफळा चूर्णाच्या मुदत संपलेल्या बॅचची शिल्लक आम्ही शून्य केली, पुढील पानावरील आकडे दुरुस्त केले आणि शेवटी एकदाच ‘जतन करा’ ही कळ दाबली. मागे जाऊन पाहतो तो पहिल्या पानावर जुनाच साठा! बाद केलेले चूर्ण संगणकाच्या लेखी विक्रीयोग्यच राहिले होते.

औषध नियमावलीतील नियम १६१-ब नुसार चूर्णाची मुदत निर्मितीपासून २ वर्षे, तर आसवारिष्टांची १० वर्षे आहे. त्यामुळे ही निव्वळ हिशेबाची चूक नव्हे.

पान उलटताच संगणक पुढील नोंदी मूळ साठ्यातून वाचतो आणि आधीच्या पानावरील न जतन केलेले बदल टाकून देतो. एक तर प्रत्येक पानावर जतन करावे. अथवा आज्ञावलीनेच ते बदल तात्पुरत्या यादीत राखावेत, परत आल्यावर नोंदीवर चढवून दाखवावेत व अखेरीस एकत्र नोंदवावेत. मात्र ही यादी ओळक्रमांकावर बेतलेली नसावी. नोंदींची मांडणी बदलली की चूर्णाचा आकडा भलत्याच भस्माला चिकटतो! औषधाचे नाव व बॅच क्रमांक हीच नोंदीची खरी ओळख.

आज्ञावली विकत घेण्यापूर्वी औषधालयचालकांनी विक्रेत्यासमोरच एक आकडा बदलावा, दोन पाने पुढे जावे आणि परत यावे. आम्ही तूर्त लाल शाईची वही हाताशी ठेवूनच मोजणी करतो.