वाण नांदेडचा, बाजार कोणाचा?

मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा बहुधा पाणी आणि निधी यांच्यापाशी येऊन थांबते. दोन्ही कमी आहेत, हे खरेच. पण ज्ञानाची इथे वानवा नव्हती, याची साक्ष नांदेडचे कापूस संशोधन केंद्र देते. या केंद्राचा एनएचएच-४४, शेतकऱ्यांच्या तोंडी ‘नांदेड ४४’, हा संकरित वाण कोरडवाहू रानात तग धरायचा, रसशोषक किडींना सहसा दाद द्यायचा नाही आणि वेचणीनंतर पुन्हा बहरायचा. मराठवाड्याबाहेरही त्याला मागणी होती. मग मार्च २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीला रोखणारे जनुक खासगी कंपन्यांकडे होते, नांदेडच्या वाणात नव्हते. बघता बघता तो मागे पडला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने अकोल्याच्या महाबीज या राज्य बियाणे महामंडळाला सोबत घेऊन त्याचे बीटी रूप आणले खरे, पण तोवर दशकाहून अधिक काळ उलटला होता. वाणात खोट नव्हती. जनुक, बीजोत्पादन आणि विक्री यांची सांगड वेळेत घातली गेली नाही.

मग बियाणे खासगी कंपन्यांवरच का सोडू नये, असा प्रश्न येईल. कापसात त्यांचा वेग निर्विवाद आहे. मात्र संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, म्हणून तिथे संशोधनावरचा खर्च वसूल होतो. लातूर-नांदेडचे शेतकरी आज मोठ्या प्रमाणावर सोयाबीन आणि तूर पेरतात. या पिकांच्या सरळ वाणांचे बियाणे घरीच राखता येते, त्यामुळे कंपन्या तिथे हात आखडता घेणारच. परभणीचा एमएयूएस-७१ सोयाबीन किंवा बदनापूरची लवकर येणारी बीडीएन-७११ तूर सार्वजनिक संशोधनातूनच आली. तरीही वाण तयार होणे हा अर्धाच रस्ता. डाळमिलला कसा दाणा हवा आणि हलक्या जमिनीत कोणते झाड टिकते, हे पैदासकाराला आधी कळले, तरच वाण रानातही टिकेल आणि बाजारातही. त्यासाठी या सगळ्यांनी एकत्र यायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: राजकारणाने पोखरलेल्या सहकाराचा अनुभव असताना पुन्हा एकत्र येण्याचा आग्रह कशाला? हा अनुभव नाकारता येत नाही. त्यावरचा उपाय मात्र एकटे राहणे नव्हे. कामाची, खर्चाची आणि नफ्याची लेखी वाटणी आणि उघडा हिशेब हा आहे. लातूर जिल्ह्यातील बोरसुरी तूरडाळ, कास्ती कोथिंबीर आणि पानचिंचोली चिंच यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हा हक्क उत्पादकांच्या समूहाचा असतो. एकाने भेसळीची डाळ ‘बोरसुरी’ म्हणून विकली, तर पत साऱ्या गावाची जाते. म्हणून प्रतवारी, तपासणी आणि विक्री एकत्र करणे ही इथे धंद्याचीच गरज आहे. संशोधन केंद्रे, महाबीज, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि डाळमिलवाले यांनी वाण प्रसारित झाल्यावर भेटण्याऐवजी चाचणीच्या पहिल्या हंगामापासून करार करून काम केले पाहिजे. तसे झाले नाही, तर पुढचे तंत्रज्ञान येईल तेव्हा मराठवाडा पुन्हा केवळ त्याचे गिऱ्हाईक उरेल.